भिंतीवरची मधुमालती

मागच्या दोन वेळी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते आणि गटाचं इतिवृत्त यांवर बोलले. परवा एका गटाच्या बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही सदा हिशेबच सांगता. तुमच्या घरच्या भिंतीवर तो वेल काढलाय, तो कसा काढला ते सांगा की एकदा." म्हणून आज तो वेल. हिशेब यातही येणार आहे, कारण माझ्या तोंडातून तो काही जात नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला. पाऊस असा की जूनमध्ये लागला की दसऱ्यापर्यंत कपडे नीट वाळत नाहीत. घर जुनं, दगड-मातीचं. सासऱ्यांनी नंतर कधीतरी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दारातून आत आलं की सोप्यात समोरच एक मोठी भिंत दिसते, नऊ फूट रुंद आणि साडेसात फूट उंच. तिच्यावर एक कॅलेंडर, एक घड्याळ आणि कोपऱ्यात विजेचा मीटर. बाकी सगळी पोपडे धरलेली. येणारा-जाणारा चहा पिताना त्याच भिंतीकडे बघायचा, आणि मला वाटायचं की हा माणूस माझा संसारच बघतोय.

तीन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या आधी मी ठरवलं की या भिंतीवर चित्र काढायचं. श्रावण सरत आला होता. तालुक्याच्या गावी रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, वॉटरप्रूफ पुट्टी मारा, वरून प्लास्टिक पेंट मारा, दहा वर्षं बघायला नको." मी माझ्या बचतीतले चौदाशे रुपये मोजले. घरी आल्यावर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याच म्हणते, एवढंच म्हणाल्या, "पावसाळ्यात भिंतीला हात लावू नये." मी म्हटलं, "आत्या, आता जमाना बदलला, वॉटरप्रूफ मिळतं." त्या गप्प बसल्या. मी बी.ए. झालेली, मुक्त विद्यापीठातून, लग्नानंतर, दोन मुलं सांभाळून. त्याची जरा घमेंडही होती, आता कबूल करते.

चार रात्री जागून मी गुलाबाच्या फुलांचा वेल काढला. गौरीला आलेल्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. घटस्थापनेला खालच्या बाजूला फुगे आले, बांगडीएवढे. बोट लावलं तर पापुद्रा सुटून हातात यायचा आणि मागे पांढरी, मिठासारखी पूड. दसऱ्याला कमरेच्या खालचं सगळं चित्र जमिनीवर होतं. मी ते सुपलीत भरून उकिरड्यावर टाकलं. आत्या शेजारी उभ्या होत्या, पण "मी म्हटलं होतं" असं त्या म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

तर मैत्रिणींनो, भिंतीवर चित्र काढायचं तर आधी भिंत समजून घ्यायची. रंगाचं नंतर. ती पांढरी पूड म्हणजे लोणा. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, सोबत मातीतले क्षार आणते. ओल हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पूर्वी दगड-मातीच्या भिंतीला आतून मातीचा किंवा चुन्याचा लेप असायचा, त्यातून ओल निघून जायची. भिंत श्वास घ्यायची म्हणा ना. आपण वरून सिमेंट थापलं, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट. म्हणजे ओलीची वाट बंद केली. मग ती कुठून तरी निघणारच. रंगाला ढकलून निघते. वॉटरप्रूफ पुट्टी वाईट असते असं नाही, पण पाणी भिंतीच्या आतून येत असेल तर आतल्या बाजूने ती लावून पाणी थांबत नाही.

भिंतीला ओल आहे का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा स्वच्छ कागद घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला असेल तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. ही युक्ती मला एका गवंडीदादांनी सांगितली. आत्यांची युक्ती याहून सोपी. त्या सकाळी उठल्यावर भिंतीला हाताची मागची बाजू लावून बघतात, लेकराचा ताप बघावा तशी. दोघींचे निकाल सारखेच आले.

मग मी वर्षभर चित्राचं नाव काढलं नाही. आधी बाहेरून बघितलं. भिंतीच्या मागच्या अंगाला वर्षानुवर्षांची माती साचून जोत्याच्या वर गेली होती, ती आम्ही उन्हाळ्यात काढली. पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडायचं, म्हणून पत्र्याला पन्हळ लावली आणि पाणी परसात काढून दिलं. आतून गवंड्याकडून खालचा अडीच फूट सिमेंटचा गिलावा फोडून घेतला. आमचे हे म्हणाले, "चित्र काढायचंय का घर पाडायचंय?" त्यांचंही चुकलं नाही. दोन महिने सोप्यात उघडे दगड दिसत होते, पाहुणे आले की आम्ही पुढे गादी उभी करायचो. पण त्या उन्हाळ्यात भिंत वाळली. लोणा आला की मी कोरड्या ब्रशने झाडून घ्यायची. हे लक्षात ठेवा, लोणा पाण्याने धुवायचा नाही. धुतला की तो विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. पावसाच्या आधी तिथे चुना-वाळूचा गिलावा केला आणि तो पावसाळा नुसता बघत बसलो. ओल आली, पण थोडी, आणि आली तशी गेली.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, तेव्हा मी पुन्हा ब्रश हातात घेतला. आमच्या भागात हे काम दिवाळी ते शिमगा एवढ्यातच करावं. नवीन सिमेंटचा गिलावा असेल तर निदान महिनाभर थांबा, एक उन्हाळा थांबलात तर फारच बरं. ताज्या सिमेंटचा आणि चुन्याचा दाह असतो, त्यात बरेच रंग उडतात. गेरू आणि पिवडी मात्र टिकतात. ती मातीच आहे, तिला चुन्याचं काही वाटत नाही.

वरच्या भागावर जुना डिस्टेंपर होता. हात फिरवला की पांढरा व्हायचा. अशावर काहीही काढलं तरी पावडरीवर काढल्यासारखं. तो ओल्या फडक्याने आणि पॉलिश पेपरने काढला, खड्डे बुजवले, प्रायमरचा एक हात मारला, मग दुधात थोडा चहा पडल्यासारख्या रंगाचे दोन हात. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वेल चिकटवल्यासारखा दिसतो.

इथे एक काळजीची गोष्ट सांगते, विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांच्या वर नको, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या चौकटी, दारं, भिंतीच्या खालचे तेलरंगाचे पट्टे यांचा भरवसा धरू नका. ते कोरडे घासले की धूळ उडते, मुलं तेच हात तोंडात घालतात. पाणी मारून घासायचं, तोंडाला फडकं बांधायचं, मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवायचं, आणि नंतर झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि हो, मीटरच्या आसपास काम असेल तर मेन स्विच बंद. मी मीटरला आधी जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला होता.

आता चित्र काय काढायचं? पहिल्या वेळी मी मोबाइलवर बघून गुलाब काढले होते. खरं सांगू का, आमच्या दारात गुलाब कधी नव्हताच, तो जगत नाही आमच्याकडे. या वेळी मी कागद घेऊन बसले होते, तर आत्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "फाटकावरची मधुमालती काढ की. रोज बघतोस ती सोडून काय मोबाइल बघत बसलीस, पोरी."

मधुमालती तुम्हाला माहीत आहे, काहीजणी तिला रंगूनचा वेल म्हणतात. लांब दांड्याची फुलं, झुपका खाली लोंबलेला, कानातल्या झुब्यांसारखा. संध्याकाळी फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एकाच झुपक्यात तिन्ही रंग. म्हणजे बघा, रंग विकत घ्यायचा तो एकच, लाल. पांढऱ्यात तो कमी-जास्त घातला की सगळी फुलं तयार. हिशेबाला बसतं.

फाटकावरची एक फांदी तोडून आम्ही ती पाण्यात ठेवली आणि तासभर बघत बसलो. पानं समोरासमोर जोडीनं येतात. टोकाला निमुळती. फुलाला पाच पाकळ्या. झुपका फांदीच्या शेंड्याला येतो. हे बघून काढलं की चित्र खरं वाटतं. नाहीतर आपण सगळ्या झाडांना एकच पान काढतो, शाळेत शिकलेलं, बदामासारखं.

छोटं चित्र मोठं करायची विद्या तर आपल्या सगळ्यांकडे आहे. ठिपक्यांची रांगोळी! कागदावर एक-एक इंचाचे चौकोन आखायचे आणि वेल काढायचा. भिंतीवर सहा-सहा इंचांवर ठिपके द्यायचे. कागदावर वेल ज्या दोन ठिपक्यांच्या मधून गेलाय, त्याच दोन ठिपक्यांच्या मधून भिंतीवर न्यायचा. सरळ ओळी मारायला सुतळीला खडूची पूड चोळायची, दोघींनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची. सुतार लाकडावर मारतो तशी. ठिपक्यांनाही खडूच वापरा, पेन्सिल नको, पेन्सिल फिक्या रंगातून डोकावत राहते. झुपके सारखे-सारखे हवे असतील तर जाड कागदावर एक काढायचा, टाचणीने रेषेवर भोकं पाडायची आणि भिंतीला धरून वरून गेरूच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. भरतकामाचा खाका छापतो तसंच, फक्त रॉकेल आणि नीळ नको.

वेलाचा मुख्य देठ मात्र मनगटाने काढू नका. मनगटाने काढलेली रेघ तुटक येते, थरथरते. उभं राहून, खांद्यापासून हात फिरवून काढा. मी ब्रश हातभर लांब काठीला बांधला होता. पहिल्यांदा वेडंवाकडं झालं, पण खडूचंच होतं, पुसलं. आमचा वेल मीटरच्या मागून निघतो, मीटर झाकायलाच तो तिथून काढला. मग दाराच्या वर जातो आणि घड्याळाच्या जागी खाली वळतो. भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग आम्ही मोकळा सोडला. भरगच्च काढायचा मोह होतो, तेवढा आवरा. दर अर्ध्या तासाने दारात जाऊन उभं राहायचं आणि लांबून बघायचं. जवळून चांगलं दिसणारं पान लांबून कधी कधी भेंडीसारखं दिसतं.

रंगाचं सांगते. एक लिटर पांढरा इमल्शन घेतला आणि स्टेनरच्या छोट्या बाटल्या, लाल, पिवळी, निळी आणि काळी. स्टेनर म्हणजे पांढऱ्यात घालायचा घट्ट रंग. तो थोडाच घालायचा असतो. मला गडद हिरवा हवा होता म्हणून मी ओतत गेले, ओतत गेले, आणि ती पानं चार दिवस वाळलीच नाहीत. नंतर ओलं फडकं लागलं तर हिरवं पाणी आलं. गडद रंगांसाठी अ‍ॅक्रिलिक रंगाच्या वेगळ्या बाटल्या मिळतात, त्या घ्या. बाटलीतला तयार हिरवा पानांना लावला तर तो प्लास्टिकचा वाटतो. त्यात चिमूटभर लाल घाला, हिरवा शांत होतो. कोवळ्या पानांना जरा पिवळा जास्त. पान काढायला इंचभर रुंदीचा चपटा ब्रश, एका कोपऱ्याला गडद हिरवा आणि दुसऱ्याला फिका घेऊन. अर्धं पान एका फटकाऱ्यात, अर्धं दुसऱ्या. मधली शीर आपोआप दिसते. याचा सराव आधी वर्तमानपत्रावर करा, निदान शंभर पानं. मी केली, मग घरातली रद्दी संपली.

सराव चालू होता तेव्हाची गोष्ट. मी वर्तमानपत्रावर पानं काढत होते, ती काही केल्या वळत नव्हती. आत्या मागे उभ्या. म्हणाल्या, "अशी नाही. पान देठापासून नाही काढायचं, शेंड्यापासून काढायचं. शेंडा कुठं बघतोय ते आधी ठरव." आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन त्यांनी सहा-सात पानं काढली. वाऱ्याने हलल्यासारखी.

मला धक्काच बसला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासरे होते. तेव्हाही आत्यांना मी काही काढताना फारसं बघितलं नव्हतं, घरातली कामं सुनेवर आली म्हणून असेल. नंतर शेजारच्या मावशींनी सांगितलं, की आत्या माहेरी होत्या तेव्हा दिवाळीला आळीतली सगळी घरं त्यांच्या हातून रंगायची. मातीच्या भिंतीला गेरू आणि त्यावर चुन्याने वेल, मोर, तुळस. सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आत्यांनी उंबऱ्यावर रांगोळीची एक रेघ ओढली नाही. कुणी त्यांना "काढू नका" म्हणालं नाही. म्हणायला लागत नाही. हळदीकुंकवाला त्या आतल्या खोलीत बसतात, ओवाळायच्या वेळी मागे सरकतात. मी गटाची समन्वयक, गावोगाव जाऊन बायकांच्या हक्कांबद्दल बोलते, आणि माझ्याच घरात मी हे अकरा वर्षं बघत होते. कधी विचारलं नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आम्ही गटांच्या बैठकांत तो ठराव वाचला, टाळ्या वाजवल्या. पण रांगोळी, वेल, भिंत हे कुठल्या ठरावात येणार? वारली चित्रांचंच बघा. पालघरकडे लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आणि तो लिहायचा मान सवाष्णींचा. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं लग्नघराच्या बाहेर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. सगळ्यांना त्याचा अभिमान. पण माझ्या मनात त्या बाईचा विचार येतो, जिचा हात चांगला होता आणि नवरा गेल्यावर तिला चौकाशी बसता आलं नसेल.

मी आत्यांना म्हटलं, "भिंतीवरची पानं तुम्ही काढा." त्या म्हणाल्या, "मला नाही जमायचं, हात कापतो." दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. संध्याकाळी आले तर दाराच्या वरची दहा-बारा पानं काढून झालेली. स्टुलावर चढून. सदुसष्ट वर्षांची बाई! मी त्या स्टुलावरूनच त्यांना रागावले. पुढचे आठ-नऊ दिवस आम्ही दोघींनी मिळून केलं, वरचं मी आणि हात पोचेल ते त्या. ब्रश त्या बोटांत धरत नाहीत, मुठीत धरतात. पानं त्यांची, देठ त्यांचे. पांढरी फुलं पण त्यांनीच भरली. गुलाबी आली तेव्हा जरा थांबल्या, मग फिकी गुलाबी भरली. लाल रंगाची वाटी मी पुढे केली, तर म्हणाल्या, "लाल तू भर."

मी आग्रह केला नाही. करायला हवा होता का, मला अजून कळत नाही. लाल फुलं सगळी माझी आहेत. नीट बघितलं तर कळतं, माझा हात त्यांच्याइतका सुटा नाही.

शेजारणी बघायला आल्या. "कुणी काढलं?" म्हणाल्या. आत्या लगेच म्हणाल्या, "सुनेनं." मी म्हटलं, "नाही, आत्यांनी." तर त्या आत निघून गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी आमच्यात थोडी धुसफुसही झाली. म्हणाल्या, "चारचौघांत कशाला माझं नाव?" रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा मी आधी विचारून घेतलं. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांग. पण नाव घेऊ नको." म्हणून नाव घेत नाही. पण त्या भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग त्यांचा आहे, एवढं सांगते.

आता हिशेब. भिंत दुरुस्तीचा खर्च वेगळा, तो घराचा होता, चित्र नसतं तरी करावाच लागला असता. चित्राचा रंग, स्टेनर, ब्रश, पॉलिश पेपर, सगळं मिळून साधारण अकराशे रुपये आले.

आमची भिंत बघून गावातल्या एका घरातून विचारणा आली, त्यांच्या बैठकीत काढून द्याल का. गटातल्या आम्ही चौघी गेलो. तीन दिवस लागले. किती द्यायचे म्हटल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि म्हणालो, "द्या काय द्यायचं ते." त्यांनी सामानासकट दोन हजार दिले. आम्ही खूश! रात्री मी वहीत मांडलं. सामानाचे अकराशे गेले, राहिले नऊशे. चौघींचे तीन-तीन दिवस म्हणजे बारा दिवस. नऊशेला बारानं भागा. पंचाहत्तर रुपये रोज. त्याच आठवड्यात आमच्याकडे भांगलणीचा रोज तीनशे चालू होता. म्हणजे उन्हात वाकून गवत काढलं तर तीनशे, आणि सावलीत बसून जी कला येते तिचे पंचाहत्तर. चूक त्या घराची नाही. आम्हीच "द्या काय द्यायचं ते" म्हणालो होतो. बायकांनी केलेलं चित्र म्हणजे हौस, असं आम्हालाच वाटत होतं.

आता आम्ही आधी भिंत बघतो, प्लास्टिकचा कागद लावतो. ओल असेल तर सरळ सांगतो की आधी भिंत नीट करा, आम्ही पुढच्या वर्षी येऊ. मग किती दिवस लागतील ते धरून, रोजाचे साडेतीनशे आणि सामान वेगळं, असा आकडा कागदावर लिहून देतो. निम्मे पैसे आधी. एका ठिकाणी आकडा ऐकून ते लोक म्हणाले, "एवढ्यात तर छापील वॉलपेपर येईल." म्हटलं, "लावा की." दोन घरं मात्र कबूल झाली. त्यातल्या एकांनी स्वतःच्या दारातली जाई काढायला सांगितली आणि आधी आठ दिवस आम्हाला ती जाई बघायला लावली. असली गिऱ्हाइकं आवडतात.

आत्या आमच्याबरोबर बाहेर कामाला येत नाहीत. पण पोरींना पानं शिकवायला परवापासून त्या दुपारी सोप्यात बसायला लागल्यात. शेजारच्या तीन मुली येतात, रद्दी घेऊन. त्यांना त्या पहिलं एकच सांगतात, शेंडा कुठं बघतोय ते ठरव.

आमच्या भिंतीचं एक राहिलं. खालच्या अडीच फुटांत, चुन्याच्या गिलाव्यावर, आम्ही वेल आणलाच नाही. तिथे नुसता गेरूचा पट्टा आहे, पूर्वी घराघरांत असायचा तसा. गेरूत थोडा चुना आणि डिंकाचं पाणी. ही आत्यांची सूचना. त्या म्हणाल्या, ओल आली तर खाली येईल, तेवढंच दरवर्षी पुन्हा करू, वरच्याला धक्का नको. या पावसाळ्यातही पट्ट्यावर दोन ठिकाणी लोणा फुटला. वर काही झालं नाही. दिवाळीच्या आधी मी बैठकीला गेले होते, आले तर आत्या जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या, लोणा झाडून झाला होता आणि बादलीत गेरू कालवलेला. मी पदर खोचला आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.